कामाच्या वेळा आणि दंतोपचार : पाळी सांभाळून सरकारी दंतसेवा कशी घ्यावी

ओळख

सरकारी रुग्णालयातील दंत विभाग साधारणपणे सकाळी उघडतो आणि दुपारी बंद होतो. केसपेपरची खिडकी त्याच्याही आधी बंद होते. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला नियमित ओपीडी नसते. देशातील बहुतांश कामगार, मजूर, दुकानातील नोकर, घरकाम करणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक आणि वाहनचालक नेमक्या याच वेळेत कामावर असतात. त्यामुळे उपचार मोफत किंवा अल्प दरात उपलब्ध असूनही दात दाखवायचे राहून जाते.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात (2002–03) 35 ते 44 वयोगटातील दर 10 जणांपैकी सुमारे 8 जणांच्या दातांना कीड असल्याचे दिसले होते. हा वयोगट ऐन कमावत्या वयाचा आहे. दुसरीकडे, नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार (2022–23 आणि 2023–24) बिगरशेती क्षेत्रात नियमित पगारावर काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पगारी रजेचा हक्क नव्हता. रोजंदारीवरच्या माणसाला तर रजा हा शब्दच लागू होत नाही. तो दवाखान्यात गेला की त्याचा खाडा पडतो.

दातांचे दुखणे पुढे ढकलल्याने वेळ वाचत नाही, उलट जास्त जातो. एका बैठकीत संपणारे काम काही महिन्यांनी चार-पाच फेऱ्यांचे होते. म्हणून कोणती सेवा कोणत्या वेळी मिळते, कोणती रजा वापरता येते आणि एका फेरीत जास्तीत जास्त काम कसे उरकावे याची माहिती या लेखात दिली आहे.

वेळेअभावी दाताचे काय होते

दाताची कीड एका रात्रीत वाढत नाही. ती टप्प्याटप्प्याने आत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर उपचाराचा वेळ वाढतो.

- पहिला टप्पा : दातावर पांढुरका किंवा तपकिरी डाग, लहान खड्डा. दुखत नाही. सिमेंट भरून काम भागते.
- दुसरा टप्पा : थंड, गोड लागल्यावर कळ येते, अन्न अडकते. या टप्प्यावरही बहुतेक वेळा एका बैठकीत दात वाचतो.
- तिसरा टप्पा : कीड नसेपर्यंत पोहोचते. रात्री ठणका लागतो. येथून पुढे रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो.
- चौथा टप्पा : ठणका अचानक थांबतो. अनेकांना वाटते दात बरा झाला. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरू लागतो. काही दिवसांनी गाल सुजतो.

चौथ्या टप्प्यातली शांतता कामगारांना सर्वांत महागात पडते. ‘आता दुखत नाही, मग रजा कशाला’ असा विचार होतो आणि पुढची फेरी थेट सूज आल्यावर होते.

कोणत्या उपचाराला साधारण किती फेऱ्या लागतात, ते खालील तक्त्यात आहे. दाताची अवस्था आणि रुग्णालयातील गर्दी यांनुसार यात फरक पडतो.

| उपचार | साधारण फेऱ्या | कामावर कधी जाता येते |
|---|---|---|
| तपासणी व सल्ला | 1 | लगेच |
| दात साफ करणे (स्केलिंग) | 1 ते 2 | लगेच |
| सिमेंट भरणे | 1 | त्याच दिवशी |
| दात किंवा दाढ काढणे | 1, गरजेनुसार टाके काढायला आणखी 1 | 24 तास जड काम नको |
| रूट कॅनाल | 1 ते 3 | बहुधा त्याच दिवशी |
| रूट कॅनालनंतर कॅप | आणखी 2 | त्याच दिवशी |
| कवळी | 4 ते 5 | त्याच दिवशी |

हिशेब करून पाहा. समजा, एखाद्याची रोजची मजुरी ₹600 आहे. सिमेंट भरायला अर्धा दिवस गेला तर ₹300 बुडतात. तोच दात रूट कॅनाल आणि कॅपपर्यंत गेला आणि पाच अर्धे दिवस मोडले, तर ₹1,500 बुडतात. प्रवासखर्च वेगळा. उपचार पूर्ण मोफत झाला तरी ही मजुरी परत मिळत नाही.

कोणत्या पाळीला कोणती अडचण

कामाच्या वेळेप्रमाणे अडचण बदलते आणि तिच्यावरचा उपायही बदलतो.

*सर्वसाधारण पाळी (सकाळी 9 ते संध्याकाळी 6 च्या आसपास).* या वेळेत काम करणाऱ्यांना सकाळची ओपीडी जवळजवळ मिळतच नाही. संध्याकाळची ओपीडी असलेले शहरी आरोग्य केंद्र, ईएसआय दवाखान्याचे संध्याकाळचे सत्र किंवा अर्ध्या दिवसाची रजा हे त्यांच्यासमोरचे मार्ग आहेत.

*फिरती पाळी.* पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी आठवड्याने किंवा पंधरवड्याने बदलत असेल, तर दुसऱ्या पाळीचा आठवडा दंतोपचारासाठी सर्वांत सोयीचा असतो. सकाळ मोकळी असते आणि झोपही झालेली असते. डॉक्टर पुढची तारीख देतात तेव्हा खिशातले पाळीपत्रक दाखवा आणि दुसऱ्या पाळीतली तारीख मागा. तारीख आपल्या पाळीत बसत नसेल तर तेथेच सांगा. न बोलता घरी आल्यावर ती फेरी बहुधा चुकतेच.

*रात्रपाळी.* रात्रपाळी सुटल्यावर थेट रुग्णालय गाठता येते, म्हणून अनेक जण तसेच जातात. मात्र रात्रभर जागून, उपाशीपोटी दाढ काढायला बसू नये. भोवळ येऊ शकते आणि रक्तदाबही वाढलेला असू शकतो. आधी नाश्ता करा, नेहमीच्या गोळ्या घ्या आणि ‘रात्रपाळी करून आलो आहे’ हे डॉक्टरांना सांगा. तपासणी, एक्स-रे आणि साफसफाई रात्रपाळीनंतर चालते. दाढ काढण्याचे काम शक्यतो साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवा.

*रविवारी नसलेली सुट्टी.* दुकाने, हॉटेले, सुरक्षा आणि अनेक कारखाने यांची साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मध्ये येते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. नातेवाइकांच्या भेटीगाठींना अशी सुट्टी गैरसोयीची असली, तरी सरकारी ओपीडी त्या दिवशी उघडी असते. दंतोपचारासाठी या दिवसाचा उपयोग करून घ्यावा.

*रोजंदारी, फेरीवाले, रिक्षाचालक, डिलिव्हरी कामगार.* येथे रजा नाही, पण वेळ काही प्रमाणात आपल्या हातात असतो. नाक्यावर काम न मिळालेला दिवस, पावसाने बंद पडलेले बांधकाम, बाजाराचा बंद वार असे दिवस यासाठी ठेवावेत. त्यासाठी जवळच्या रुग्णालयाची दंत ओपीडी कोणत्या वारी व किती वाजेपर्यंत असते, हे आधीच माहीत असायला हवे.

*हंगामी स्थलांतर.* ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम अशा कामांवर जाणारी कुटुंबे काही महिने गावाबाहेर असतात. फडावर किंवा भट्टीवर असताना दवाखाना दूर असतो आणि मुकादमाकडून सुट्टी मिळणे अवघड असते. गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या आधी, घरातील सर्वांचे दात एकदा तपासून घ्यावेत. लहान खड्डे तेव्हाच भरून घेतले, तर हंगामात ठणका लागण्याची शक्यता कमी होते.

उपलब्ध सरकारी सेवा

1. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम

केंद्र सरकारने हा कार्यक्रम 2014–15 मध्ये सुरू केला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून जिल्हा रुग्णालये आणि त्याखालील आरोग्य संस्थांमधील दंत विभागांना दंतचिकित्सक व साहाय्यक कर्मचारी, दंतखुर्ची व उपकरणे आणि लागणारे साहित्य यांसाठी राज्यांना मदत दिली जाते. यासाठी वेगळा अर्ज किंवा कार्ड लागत नाही. केसपेपर काढून थेट दंत विभागात जाता येते.

लहान आरोग्य केंद्रांत दंतचिकित्सक ठराविक वारीच येतात, असे अनेकदा आढळते. म्हणून सुट्टी घेण्यापूर्वी दंतचिकित्सकांचा वार, केसपेपरची शेवटची वेळ आणि खुर्ची व एक्स-रे चालू आहे का, या तीन गोष्टी आशाताईंकडून किंवा केंद्रात फोन करून विचाराव्यात.

2. आयुष्मान आरोग्य मंदिर

पूर्वीची आरोग्यवर्धिनी केंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. येथे मिळणाऱ्या 12 प्रकारच्या सेवांमध्ये प्राथमिक मौखिक आरोग्य सेवेचा समावेश आहे. समुदाय आरोग्य अधिकारी तोंडाची तपासणी करतात, काळजी कशी घ्यायची ते सांगतात, दुखण्यावर प्राथमिक उपचार करतात आणि गरज असल्यास दंतचिकित्सकांकडे चिठ्ठी देतात. 30 वर्षांवरील व्यक्तींची उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणीही येथे होते.

घराजवळचे केंद्र असल्याने ही पहिली तपासणी अर्ध्या तासात होऊ शकते. कोणत्या टप्प्याची कीड आहे आणि मोठ्या रुग्णालयात लगेच जावे लागेल की पुढच्या सुट्टीपर्यंत थांबता येईल, याचा अंदाज तेथेच येतो.

3. शहरी आरोग्य केंद्रे आणि संध्याकाळची ओपीडी

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान 2013 मध्ये मंजूर झाले. वस्तीतील कष्टकरी दिवसा कामावर असतात हे लक्षात घेऊन शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत संध्याकाळची सेवा देण्याचा विचार या अभियानाच्या आराखड्यातच आहे. मुंबई महापालिकेने 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारच्या सत्राची वेळ रात्री 10 पर्यंत ठेवण्यात आली, आणि त्यातील पॉलिक्लिनिकमध्ये दंततपासणीचीही सोय करण्यात आली.

प्रत्येक शहरी केंद्रात दंतखुर्ची नसते. मात्र संध्याकाळच्या ओपीडीतील डॉक्टर दुखणे तपासून औषध आणि पुढील चिठ्ठी देऊ शकतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केवळ निदानासाठी खाडा पडत नाही.

4. कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय)

10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतील, दरमहा ₹21,000 पर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांना ही योजना लागू आहे. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा ₹25,000 आहे. मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कर्मचारी 0.75 टक्के अंशदान भरतो. नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून स्वतःला आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना वैद्यकीय सेवा मिळते. दंतोपचारासाठी आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात दाखवावे लागते. तेथील डॉक्टर रुग्णालयाच्या दंत विभागाकडे चिठ्ठी देतात. दिल्लीतील रोहिणी आणि कर्नाटकातील कलबुर्गी येथे ईएसआय महामंडळाची दंत महाविद्यालयेही आहेत.

पगारातून अंशदान कापले जात असूनही अनेक कर्मचारी ई-पहचान कार्ड काढून घेत नाहीत. दात दुखायला लागल्यावर कार्डासाठी एक दिवस आणि उपचारासाठी दुसरा दिवस जातो. कार्ड आधीच तयार ठेवा.

5. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना

23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ₹5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. सिमेंट भरणे, साफसफाई, साधा दात काढणे किंवा कवळी अशी ओपीडीतली कामे तिच्यातून होत नाहीत. जबड्याचे अस्थिभंग, जबड्यातील गाठी, तोंडाचा कर्करोग अशा शस्त्रक्रियांसाठी ती उपयोगी पडते. कार्ड देशभर चालते, त्यामुळे परराज्यात कामाला असलेल्यांनी ते सोबत ठेवावे.

6. मुलांसाठी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम

या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून झाली. पथके अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यात दातांचीही तपासणी असते. या तपासणीसाठी आईवडिलांना रजा लागत नाही. मात्र पथकाने चिठ्ठी दिल्यावर मुलाला रुग्णालयात न्यावे लागते आणि बऱ्याचदा तेथेच गाडी अडते. शाळेतून चिठ्ठी आली की ती बाजूला ठेवू नका. त्याच फेरीत स्वतःचेही दात दाखवा.

7. इतर सोयी

- ई-संजीवनी : मोबाइलवरून किंवा आरोग्य मंदिरातून डॉक्टरांचा सल्ला. दाताचे काम फोनवर होत नाही, पण लगेच जावे की थांबता येईल हे कळते.
- ऑनलाइन नोंदणी : अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत ओपीडीची वेळ आधी घेता येते. काही ठिकाणी आभा ॲपने क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळते आणि केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो.
- सरकारी व महापालिका दंत महाविद्यालये : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी, दिल्लीतील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था अशा ठिकाणी सर्व प्रकारचे दंतोपचार अल्प दरात होतात. विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करत असल्याने एकेका बैठकीला वेळ जास्त लागू शकतो. त्या दिवशी दुसरे काम ठेवू नका.
- फिरते दवाखाने : विडी कामगारांसाठी कामगार कल्याण संघटनेचे दवाखाने आणि दुर्गम भागात आरोग्य अभियानाची फिरती पथके आहेत. त्यांच्या फेरीचा वार ग्रामपंचायतीत विचारावा.

रजेबाबत हक्क

वार्षिक पगारी रजा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 नुसार वर्षात किमान 180 दिवस काम केलेल्या कामगाराला दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस पगारी रजा मिळते. पूर्वीच्या कारखाना कायद्यात ही अट 240 दिवसांची होती. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हाही हक्क आहे.

नैमित्तिक रजा. दुकाने व आस्थापनांचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाराष्ट्रात 2017 चा अधिनियम लागू असलेल्या आस्थापनेत वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा मिळते. ती तीन-तीन महिन्यांच्या हिशेबाने खात्यात जमा होते. दंतोपचारासारख्या छोट्या फेऱ्यांना ही रजा सर्वांत सोयीची आहे.

ईएसआयचा आजारपणाचा लाभ. सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांचे अंशदान असेल, तर आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला कमाल 91 दिवस मिळते. त्यासाठी ईएसआय डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : आजारपणाच्या पहिल्या 2 दिवसांची रक्कम मिळत नाही. आधीच्या आजारपणानंतर 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ही अट लागत नाही. म्हणजे दाढ काढून डॉक्टरांनी 4 दिवसांची विश्रांती लिहिली, तर 2 दिवसांचे पैसे मिळतील. एका दिवसाच्या फेरीसाठी मात्र या लाभाचा उपयोग नाही. तेथे नैमित्तिक रजा किंवा साप्ताहिक सुट्टीच वापरावी.

कामावर झालेली इजा. काम करताना पडून किंवा यंत्र लागून दात तुटला, जबडा दुखावला तर ती कामावरील इजा ठरते. ईएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते आणि त्यासाठी किमान अंशदानाची अट नाही. अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस काम करता येत नसेल, तर हा लाभ लागू होतो. अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात वहीत करून घ्या.

एका फेरीत जास्त काम : जाण्याआधीची तयारी

1. आधार कार्ड, ई-पहचान किंवा आयुष्मान कार्ड, जुना केसपेपर आणि जुने एक्स-रे एका पिशवीत ठेवा. एक्स-रे हरवला की एक फेरी वाढते.
2. रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग यांच्या गोळ्यांची पाने सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.
3. मधुमेह असेल तर आरोग्य मंदिरात आधीच साखर तपासून घ्या. साखर फार वाढलेली असल्यास दात काढणे पुढे ढकलले जाऊ शकते आणि ती सुट्टी वाया जाते.
4. नाश्ता करून जा. उपवासाच्या दिवशी दाढ काढायला जाऊ नका.
5. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा : ‘मला पुन्हा सुट्टी अमुक तारखेला मिळेल. आज काय काय होऊ शकेल?’ एकाच बाजूचे दोन खड्डे एका बैठकीत भरता येतात, तपासणी आणि एक्स-रे त्याच दिवशी होऊ शकतो.
6. निघताना पुढच्या फेरीची तारीख, अंदाजे एकूण फेऱ्या आणि कामावर द्यायची चिठ्ठी मागून घ्या.

दाढ काढल्यावर कापूस सुमारे अर्धा ते पाऊण तास दाबून धरा, सारखे थुंकू नका, त्या दिवशी गरम खाऊपिऊ नका, 24 तास ओझी उचलू नका. तंबाखू, विडी, सिगारेट बंद ठेवा, नाहीतर जखम चिघळून आणखी फेऱ्या होतात.

पाळीत काम करणाऱ्यांनी घ्यायची रोजची काळजी

- ब्रश घड्याळाप्रमाणे न करता झोपेप्रमाणे करा. रात्रपाळी करणाऱ्याने सकाळी घरी येऊन झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर, असे दोनदा दात घासावेत. पेस्ट फ्लोराइडची असावी.
- जागे राहण्यासाठी तासातासाला गोड चहा आणि बिस्किटे खाल्ली की दातांना सतत साखर लागत राहते. चहा जेवणाच्या सुट्टीत घ्या. मधल्या वेळेत पाणी प्या, चणे-शेंगदाणे खा. खाऊन झाल्यावर चूळ भरा.
- झोप उडवण्यासाठी किंवा भूक मारण्यासाठी तंबाखू मळणे, गुटखा, मावा, मिश्री ही पाळीतल्या कामाशी जोडली गेलेली सवय आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात (2016–17) देशातील 21.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. मिश्रीने दात मजबूत होतात हा गैरसमज आहे. तीही तंबाखूच आहे.
- दुखऱ्या दातावर ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू दाबून ठेवू नका. हिरडी भाजते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊन पाळ्या ढकलणेही धोक्याचे आहे.

सुट्टीची वाट पाहू नये अशी लक्षणे

- गाल, जबड्याखाली किंवा जिभेखाली वाढती सूज, सोबत ताप
- गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास : तत्काळ 108 ला फोन करा
- दाढ काढल्यानंतर न थांबणारा रक्तस्राव
- आघाताने पूर्ण निघालेला दात : मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत रुग्णालयात न्या
- 2 आठवड्यांत बरे न होणारे तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे

शेवटचे लक्षण दुखत नाही, म्हणून ते सर्वांत जास्त पुढे ढकलले जाते. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर उपचार सोपे आणि परिणामकारक होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019–21) नुसार तोंडाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्यांचे प्रमाण महिलांमध्ये 0.9 टक्के आणि पुरुषांमध्ये 1.2 टक्के इतकेच होते.

मालक, ठेकेदार आणि संघटनांसाठी

ठणका लागलेला कामगार रात्रभर झोपलेला नसतो. यंत्रावर किंवा उंचीवर काम करताना त्याच्या हातून चूक होण्याचा धोका वाढतो. दोन तासांची सवलत दिल्यास पुढचे खाडे टळतात. दंतचिकित्सकांच्या तारखेनुसार पाळी बदलून देणे, पाळी बदलण्याच्या वेळेत जिल्हा रुग्णालय किंवा दंत महाविद्यालयाच्या मदतीने शिबिर घेणे आणि वार्षिक आरोग्य तपासणीत तोंडाच्या तपासणीचा समावेश करणे, या गोष्टी सहज करता येतात. शिबिरात फक्त तपासणी होते. चिठ्ठी मिळालेल्यांना उपचारासाठी सवड दिली नाही, तर शिबिराचा उपयोग होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठेकेदाराकडे आहे. मला ईएसआय लागू होते का?
आस्थापना आणि वेतन योजनेच्या मर्यादेत असेल तर ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनाही लागू होते. पगारचिठ्ठीत कपात दिसते का ते पाहा आणि विमा क्रमांक मागून घ्या. नोकरी बदलली तरी तोच क्रमांक राहतो.

दात दुखत नाही. तरी दाखवावे का?
हो. वर्षातून किमान एकदा. न दुखणाऱ्या खड्ड्याला एक फेरी लागते, दुखणाऱ्याला अनेक.

रूट कॅनाल अर्धवट सोडले तर चालते का?
नाही. ठणका थांबला तरी आतले काम पूर्ण झालेले नसते. तात्पुरते सिमेंट निघाले की जंतू पुन्हा आत शिरतात. तारीख चुकली तर लगेच पुढची तारीख घ्या.

गरोदरपणात दात दाखवता येतात का?
हो. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा मानला जातो. गरोदर असल्याचे आधी सांगा.

आयुष्मान कार्डावर कवळी मिळते का?
नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करा.

उपयुक्त क्रमांक

- रुग्णवाहिका : 108
- आयुष्मान भारत योजना : 14555
- ईएसआय महामंडळ : 1800-11-2526
- तंबाखू सोडण्यासाठी मदत : 1800-11-2356

दंत ओपीडीचे वार आणि वेळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. जवळच्या केंद्रातील वेळ आजच विचारून घ्या आणि घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढची मोकळी सकाळ मिळेल तेव्हा ती शोधाशोधीत जाणार नाही.